हयात पतीची शोकसभा रद्द होणेबाबत

प्रति,
मा. व्यवस्थापक अधिकारी साहेब,
गोदातीर सार्वजनिक सभागृह,
गंगापूर रोड, नाशिक.

अर्जदार – सौ. कुसाबाई धोंडीराम थेटे, राहणार सभागृहामागची गल्ली, नाशिक.
(‘सौ.’ या अक्षराकडे साहेबांनी नीट बघावे. सगळा अर्ज त्याच्यासाठीच आहे.)

विषय – माझे पती प्रा. धोंडीराम बहिरू थेटे हे हयात असताना त्यांची घेतलेली शोकसभा रद्द होऊन त्यांना त्यांची खुर्ची व भाषणाची पाळी परत मिळणेबाबत.

संदर्भ – १) निवृत्त प्राध्यापकांचे अखंड अध्ययन मंडळ, यांचा शोकप्रस्ताव.
२) माझा आधीचा अर्ज व त्यावर आपले उत्तर की, ‘सदर बाब मंडळाची अंतर्गत आहे.’
३) माझे कपाळ. हे मागच्या खेपेस आपणांस समक्ष दाखवले होते. कुंकू आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की,

१. अर्जदाराचे माहेर मखमलाबाद, शाळा तिसरीपर्यंत. पुढचे शिक्षण प्रोफेसराच्या घरात नांदून झाले. या अर्जातले ‘उपरोक्त’, ‘सबब’ आणि ‘सदरहू’ हे शब्द मी नवऱ्याच्या जुन्या फायलींतून घेतले आहेत. राग माझा स्वतःचा आहे. नवऱ्याचे नाव मी तोंडाने घेत नाही. कचेरीच्या कामात उखाणा चालत नाही म्हणून विषयात एकदा लिहिले, आता पुढे ‘हे’ म्हणेन ते साहेबांनी समजून घ्यावे.

२. आपल्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी सदरहू मंडळ भरते. एक जण व्याख्यान देतो, बाकीचे ऐकतात, मग शंका, मग आभार, मग चहा. शिवाय वर्षातून कोजागिरीचे दूध, हुरडा आणि एक सहल. सहलीला बसमध्येही व्याख्यान असते, त्यामुळे एकदा गेलेला ड्रायव्हर दुसऱ्यांदा येत नाही. जन्मभर शिकवले, आता मरेपर्यंत शिकायचे, असे मंडळाचे ब्रीद आहे. माझी त्याला हरकत नव्हती. गुरुवारी घर शांत राहते आणि माझे गहू निवडून होतात.

मंडळाचे दोन नियम साहेबांनी ध्यानात ठेवावे, कारण सगळे रामायण त्यातून झाले आहे. पहिला असा की, सभागृहात गादीच्या खुर्च्या जितक्या, तितकेच सभासद. लोखंडी खुर्चीवर प्राध्यापक बसत नाही. म्हणून एक वारला की मगच दुसरा आत. दुसरा असा की, भाषणाची पाळी आडनावाच्या पहिल्या अक्षराने येते. आमचा ‘थ’. पण कुलकर्णी आणि जोशी इतके निघाले की ‘थ’ येईतो ह्यांच्या डोक्यावरचे केस गेले. अखेर या नोव्हेंबरातला शेवटचा गुरुवार ह्यांना मिळाला.

३. हे झाडापाल्याचे प्रोफेसर. भाताच्या जुन्या जाती हा ह्यांचा विषय. रिटायर झाल्यापासून डोंगरातल्या पाड्यांवर हिंडून लोंब्या गोळा करतात आणि माझ्या स्वयंपाकघरात टांगतात. पाहुणे विचारतात, हे तोरण कशाचे. भाषणात दाखवायला सुरगाण्याकडच्या हळव्या, म्हणजे लवकर पिकणाऱ्या, भाताची लोंबी हवी होती, म्हणून पितृपक्षात हे तिकडे गेले. पावसाने ओढ्यावरची फरशी वाहून नेली. जीप अलीकडे आणि हे पलीकडे राहिले. जुन्या विद्यार्थ्याच्या घरी नागलीची भाकर खाऊन मजेत होते. मी त्याच वेळी घोटीला लेकीकडे गेलेले. घराला कुलूप, किल्ली शेजारच्या सिंधुबाईंकडे. अशा रीतीने ह्यांचा एक गुरुवार चुकला.

४. आता इथून पुढे शिकलेल्या माणसांचे काम सुरू होते.

मंडळात गुरुवार कोणी चुकवत नाही. ताप असला तरी येतात. एक जण तर मुलीच्या लग्नाच्या मांडवातून मुठीत अक्षता घेऊन आला होता, त्या त्याने वक्त्यावर टाकल्या. मंडळाचे सचिव प्रा. चांदवडकर हे जन्मभर तर्कशास्त्र शिकवत आले. त्यांनी उभे राहून मांडणी केली की, आजवर जो जो सभासद गैरहजर राहिला, तो तो मयत निघाला. थेटे गैरहजर आहेत. सबब थेटे मयत आहेत. ह्यात खोट कोणालाही सापडली नाही. मंडळात सगळे एम्. ए. आहेत.

कोणीतरी म्हणाले म्हणे, घरी जाऊन विचारावे. त्यावर अध्यक्ष प्राचार्य यादव म्हणाले की, दुःखात पडलेल्या घरी जाऊन ‘वारले का’ असे विचारणे असभ्यपणाचे होईल. तरी दोघे येऊन दारावरून पाहून गेले. कुलूप दिसले. निष्कर्ष असा निघाला की, घरची मंडळी अस्थी घेऊन बाहेरगावी गेली.

साहेब, सगळा मुलूख अस्थी घेऊन नाशिकला येतो. रामकुंड इथे हाकेवर आहे. नाशिकची बाई अस्थी घेऊन दुसऱ्या गावाला कशाला जाईल, घोटीच्या बाजारात विकायला? एवढा प्रश्न एकाही पदवीधराला पडला नाही. शेजारी सिंधुबाई दारातच मेथी निवडत बसली होती, तिलाही कोणी विचारले नाही. कारण तिच्याकडे डिग्री नाही.

५. पुढच्याच गुरुवारी शोकसभा ठेवली. त्याच दिवशी फरशी मोकळी झाली. हे सी.बी.एस.च्या एस.टी. स्टँडवर उतरले आणि आणखी एक गुरुवार चुकू नये म्हणून घरी न येता लोंब्यांची जुडी काखेत घेऊन तडक सभागृहात गेले. उशीर झाला होता, म्हणून मागच्या बाकावर बसले. पुढे टेबलावर हार घातलेला फोटो होता, पण लांबचा चष्मा पिशवीत होता. कोणीतरी गेले एवढे ह्यांना कळले. कोण गेले ते तिसऱ्या भाषणात कळले.

तुम्ही म्हणाल, मग उठून बोलले का नाहीत. मीही तेच म्हणाले, आणि तुमच्यापेक्षा मोठ्याने म्हणाले. पण वक्ता बोलत असताना मध्ये बोलू नये, शंका शेवटी विचारावी, हा नियम मंडळात ह्यांनीच पास करून घेतलेला. स्वतःचा नियम कसा मोडायचा? हे शेवटपर्यंत थांबले. शेवटी शंका विचारायला हात वर केला, तर अध्यक्ष म्हणाले की, शोकसभेत शंका घेत नाहीत. मग सगळे दोन मिनिटे उभे राहिले. हेसुद्धा राहिले. मग रिवाजाप्रमाणे सगळे खाली माना घालून बाहेर पडले, त्यामुळे मागे कोण उभे आहे ते एकानेही पाहिले नाही.

मी त्याच दुपारी घोटीहून आलेले. ह्यांनी घरी येऊन लोंब्या खुंटीला टांगल्या, पाय धुतले आणि म्हणाले, ‘भाषणं बरी झाली.’ मी विचारले, कोणावर. म्हणाले, ‘माझ्यावर.’

६. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना पुढे घालून प्राचार्य यादवांच्या घरी गेले. यादवसर भला माणूस. ह्यांना पाहून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, मिठी मारली, चहा झाला. मग म्हणाले, ‘वहिनी, मला व्यक्तिशः अत्यानंद झाला आहे. पण अध्यक्ष म्हणून माझे हात बांधलेले आहेत.’ म्हणजे असे की, प्रस्ताव एकमताने झाला आहे. एकमताने झालेला प्रस्ताव एकमतानेच मागे घेता येतो. मी म्हणाले, एकमताने कसा, हे स्वतः तिथे होते. तर चांदवडकरसर तिथेच बसले होते, ते म्हणाले, ‘होते ना. आणि उभे राहिले. म्हणजे त्यांचाही पाठिंबाच धरला पाहिजे.’

मी म्हणाले, बरं, मग आता हे उभे राहून विरोध करतील. चांदवडकरसर म्हणाले, करता येणार नाही. विरोध फक्त सभासदाला करता येतो, आणि मयत झाल्यामुळे ह्यांचे सभासदत्व गेले.

मी घरी आले आणि दिवसभर कोणाशी बोलले नाही. असे माझ्या संसारात पहिल्यांदा झाले.

७. एकमत होत नाही त्याचे खरे कारण प्रा. झुंबर वाघ. ते भूगोलाचे. गादीची खुर्ची रिकामी होण्याची ते कैक वर्षे वाट बघत होते. मंडळात कोणी आजारी पडला की वाघसर केळी घेऊन हजर. उन्हाळ्यात ह्यांना खोकला झाला तेव्हा द्राक्षे घेऊन आले होते आणि खोकला सुका की ओला, हे तीनदा विचारून गेले. खोकला बरा झाला तेव्हा त्यांचा उतरलेला चेहरा मला अजून आठवतो. शोकसभेनंतर लगेच त्यांना ह्यांच्या जागी घेतले. नवा कोट शिवून त्यांनी खुर्चीवर बूड टेकले ते टेकलेच. हे हयात आहेत असे ठरले तर वाघसरांना उठावे लागेल. ते म्हणतात, ‘मला थेट्यांबद्दल आदर आहे, तो प्रस्तावात व्यक्त झालेला आहे.’

मी त्यांना वाईट म्हणत नाही. वाट बघून माणूस वेडा होतो. पण माझ्या नवऱ्याच्या मरणावर त्यांनी कोट शिवला, तो कोट मी विसरणार नाही.

८. नवरात्रात मंडळाच्या बायकांचे हळदीकुंकू झाले. मला बोलावले नाही. मग चांदवडकरबाई सांत्वनाला आल्या. मी दार उघडले ते कपाळभर कुंकू, हातात बांगड्या आणि आतून ह्यांच्या खोकण्याचा आवाज. बाईंनी आवाज ऐकला नाही, कारण त्या माझ्या कपाळाकडे बघत होत्या. माझा हात धरून म्हणाल्या, ‘कुसाबाई, तुम्ही आमच्यापेक्षा पुढारलेल्या निघालात. जुन्या चालीरीती झुगारायला धैर्य लागतं.’ आणि महिला शाखेत ह्या विषयावर माझे भाषण ठेवू का, असे विचारू लागल्या. मी म्हणाले, बाई, मी काही झुगारलं नाही, आत बघा, हे बसलेत. त्या हळूच म्हणाल्या, ‘असं वाटतं खरं पहिले काही महिने.’

९. कोजागिरीला निरोप आला की, दरवर्षीप्रमाणे यंदाही दूध थेट्यांकडूनच यावे, कैलासवासी सरांच्या स्मरणार्थ. दूध माझ्या भावाच्या म्हशींचे असते. मी पाठवले. चंद्राने माझे काही बिघडवलेले नाही. फक्त साखर घातली नाही. मंडळाने ते बिनसाखरेचे दूध शोक म्हणून गंभीरपणे प्यायले आणि वर आभाराचा ठराव केला.

१०. पुढे नोव्हेंबर लागला. पेन्शनवाल्यांना बँकेत हयातीचा दाखला द्यावा लागतो. हे गेले, बँकेच्या साहेबांनी ह्यांना बघितले आणि हयात आहेत असा शिक्का मारून दिला. त्यांनी तर्कशास्त्र शिकलेले नाही, म्हणून काम पटकन झाले. तो दाखला मी चांदवडकरसरांपुढे ठेवला. तेव्हा ते आमच्याच घरी दिवाळीची शेव खात होते, ती ह्यांनीच त्यांच्या ताटात वाढली होती. दाखला वाचून म्हणाले, ‘वहिनी, दाखला नोव्हेंबरचा आहे, प्रस्ताव ऑक्टोबरचा. माणूस नोव्हेंबरात हयात आहे, यावरून तो ऑक्टोबरात मयत नव्हता असं निघत नाही.’ आणि मग ह्यांच्याकडे वळून, ‘काय थेटे, बरोबर ना?’

हे म्हणाले, ‘मांडणी निर्दोष आहे.’

११. साहेब, इथे मला थोडे सरळ लिहू द्या.

लोकांना ही गंमत वाटते. मलाही पहिल्यांदा वाटली. गल्लीतली पोरं ह्यांना ‘कैलासवासी आजोबा’ म्हणतात आणि हे हसतात. पण दर गुरुवारी संध्याकाळी हे कोट घालतात, टोपी घालतात, छत्री घेतात आणि व्हरांड्यात खुर्चीवर बसून राहतात. सभागृहाचे दिवे आमच्या व्हरांड्यातून दिसतात. दिवे मालवले की हे उठतात, कोट खुंटीला लावतात आणि जेवायला येतात. आज काय होतं, असे मी विचारत नाही. आधी दर गुरुवारी रात्री मला सगळे व्याख्यान परत ऐकवायचे, मला नको असले तरी. मी भाजी चिरता चिरता म्हणायचे, पुरे करा की आता. आता पुरे झाले आहे. घरात इतकी शांतता आहे की गहू निवडायला जीव लागत नाही.

आणि लोंब्या. हे त्यांच्याकडे बघेनासे झाले. चिमण्या येऊन दाणे खाऊ लागल्या. पूर्वी चिमणी आत आली की टॉवेल घेऊन धावायचे. एकदा तर एक चिमणी लोंबीवर बसून खात होती आणि हे शांतपणे म्हणाले, ‘खाऊ दे. आता काय दाखवायचं आणि कोणाला.’

ह्या एका वाक्यासाठी मी हा अर्ज लिहिते आहे. बाकीचा सगळा कागद त्याच्या आजूबाजूचा आहे.

ह्यांना मी म्हणाले, तुम्ही स्वतः अर्ज करा. तर म्हणाले, मयताने स्वतः अर्ज करणे शिष्टाचाराला धरून होणार नाही. वर शोकसभेतल्या भाषणांची छापील प्रत लाल शाईने तपासून ठेवली आहे. आपल्या गुणांबद्दल जे खोटे लिहिले आहे ते तसेच ठेवले, फक्त एका भाताचे नाव चुकले होते ते सुधारले.

१२. आता मुद्द्याचे. आपण मागच्या उत्तरात लिहिलेत की, बाब मंडळाची अंतर्गत आहे. अंतर्गत म्हणजे आतली. माझा नवरा तर बाहेर व्हरांड्यात बसला आहे. म्हणून बाहेरून जे करता येईल तेवढेच मागते.

मंडळाने ह्यांच्या नावाने वार्षिक स्मृतिव्याख्यान काढले आहे. पहिले व्याख्यान त्याच नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी ठेवले आहे, कारण ह्यांच्या मरणाने ती तारीख मोकळी झाली. विषय भाताच्या जुन्या जाती. पण वक्ता मिळेना. पुण्याला विचारले, मुंबईला विचारले, ह्या विषयातला माणूस कुठेही नाही. अखेर गेल्या आठवड्यात यादवसरांचे मला पत्र आले की, कैलासवासी सरांच्या तोडीचा जाणकार आपल्या माहितीत असल्यास कळवावे.

आहे. घरचाच आहे. जाण्यायेण्याचा खर्च नाही, उतरायला जागा द्यावी लागत नाही, सभागृह त्यांना व्हरांड्यातून दिसते. मी मंडळाची नियमावली सिंधुबाईच्या कॉलेजातल्या सुनेकडून दोनदा वाचून घेतली. वक्ता सभासद असावा असे त्यात कुठे नाही. वक्ता हयात असावा असेही नाही. यादवसरांना मी तसे कळवले. ते रात्रभर विचार करून सकाळी स्वतः आले आणि म्हणाले, ‘वहिनी, ह्याला नियमाची आडकाठी दिसत नाही.’ चांदवडकरसरांनीही मान्य केले. ते म्हणाले की, एखाद्याच्या स्मृतीबद्दल त्याच्याइतका अधिकाराने दुसरा कोण बोलणार.

तेव्हा भाषणाची सोय झाली. परवापासून हे टॉवेल घेऊन चिमण्यांमागे धावताहेत.

राहिली खुर्ची. ती मंडळाच्या हातात नाही, आपल्या हातात आहे. सभागृहात गादीच्या खुर्च्या किती असाव्या हे साहेब ठरवतात. सबब विनंती की, एका गादीच्या खुर्चीस मंजुरी द्यावी. पैसा मागत नाही. खुर्ची आमच्या घरची, सागवानी, माझ्या लग्नात माहेराहून आलेली. गादी मी स्वतः शिवली आहे, आत शेवरीचा कापूस आहे, आपल्या सभागृहातल्या गाद्यांसारखा भुसा नाही. एक खुर्ची वाढली की वाघसरांना उठावे लागत नाही. वाघसर उठणार नसतील तर ते विरोध करणार नाहीत. मी काल त्यांच्याकडे द्राक्षे घेऊन गेले होते, तसे कबूल करून घेतले आहे. त्यांच्या तब्येतीचीही चौकशी केली, तीनदा.

१३. व्याख्यानास साहेबांनी अगत्य यावे व पुढे बसावे. मी आजवर कधी सभागृहात आलेली नाही, त्या दिवशी येणार आहे. ह्यांचे बोलणे संपेपर्यंत मी गप्प बसेन, हे लिहून देते. व्याख्यानात शंका विचारता येतात, शोकसभेसारखे नसते. शेवटी अध्यक्ष विचारतील, कोणाला काही शंका. तेव्हा मी उठून विचारणार आहे की, आत्ता जो बोलला तो मेलेला आहे असे ज्याला वाटते त्याने हात वर करावा. सगळे सभासद तिथे असतील, कारण गुरुवार कोणी चुकवत नाही. एकही हात वर आला नाही म्हणजे एकमत. त्यांच्याच नियमाने.

आणि आला हात, तर मी तिथेच आहे.

तरी कृपावंत होऊन खुर्चीस मंजुरीची सही करावी ही विनंती.

रीतसर आणि रागाने, पण आपलीच,
सौ. कुसाबाई धोंडीराम थेटे
(सही माझ्या हातची आहे. अंगठा लावत नाही.)

नाशिक, दि. १४ नोव्हेंबर १९८६

सोबत –
१) हयातीच्या दाखल्याची नक्कल.
२) प्राचार्य यादवांचे वक्ता मागणारे पत्र.
३) सुरगाण्याच्या हळव्या भाताची एक लोंबी. चिमण्यांनी खाल्लेली बाजू माझ्याकडे ठेवली आहे. पाहून परत करावी, भाषणात लागेल.
४) खुर्ची एक, गादीसह. टपालात मावत नाही म्हणून समक्ष आणली आहे. साहेबांच्या टेबलासमोर ठेवली असून सही होईपर्यंत अर्जदार तिच्यावर बसून आहे.